कोठ्यातली एम.जी. अजून उघडू नका

पत्र आर्वी तालुक्यातून आलं आहे, कोठ्यात म्हणजे गुरांच्या गोठ्यात पडून राहिलेल्या जुन्या मोटारीबद्दल. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो.

‘आमचे आबाजी कापसाच्या व्यापारात होते. १९५३-५४च्या सुमारास त्यांनी हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्याकडून दोन माणसांची, वरून उघडी विलायती गाडी घेतली. नाकावर आठ कोनांचा बिल्ला आहे, त्यात एम.जी. लिहिलं आहे. दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडतात. समोरची काच बॉनेटवर आडवी पडते. चाकं तारांची नाहीत, पत्र्याची आहेत आणि त्यांना गोल भोकं आहेत. आबाजी १९७१ मध्ये गेले, तेव्हापासून गाडी कोठ्यात आहे. बाजूला म्हशी, वर कुटार (भुसा), आणि मधली पाच-सहा वर्षं आम्ही युरिया-पोटॅशच्या बॅगा तिच्यावरच रचत होतो. आता पत्रा हाताने मोडतो. चुलतभाऊ म्हणतो, मारुती व्हॅनचं इंजिन टाकू आणि वरातीला भाड्याने देऊ. भंगारवाला वीस हजार देतो. नागपूरचा एक जण नुसती नंबरची पट्टी आणि जुनं नोंदणीचं पुस्तक मागतो, त्याचे वेगळे पैसे देतो म्हणतो. बाबा म्हणतात, ते सापाचं घर आहे, हात लावू नको. गावचा वेल्डर म्हणतो, महिनाभरात उभी करतो. भाचीचं लग्न वैशाखात आहे. पीककर्जातले थोडे पैसे शिल्लक आहेत. उघडू का?’

भाऊ, नका उघडू. होळीपर्यंत एक नटही फिरवू नका.

हे मी अंगावर घेतलेल्या अनुभवावरून सांगतो. मद्रासला बनलेली एक स्टँडर्ड हेरल्ड मी अशीच उत्साहात दोन रविवारांत सुटी केली होती. नट-बोल्ट डब्यांत, काचा पलंगाखाली, बाकीचं पोत्यांत. ती अकरा वर्षं पोत्यांतच राहिली. शेवटी घेणारा आला तेव्हा कोणता ब्रॅकेट कुठला हे मलाच सांगता येईना, आणि त्याने किलोच्या भावाने नेली. गंजाने तिचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते मीच.

आता तुमची गाडी. वर्णनावरून ती एम.जी. टी.डी. आहे. आधीच्या टी.सी.ला तारांची उंच चाकं होती, नंतरच्या टी.एफ.चे हेडलाइट मडगार्डात अर्धे बुडालेले होते. मधली ही टी.डी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत एकूण २९,६६४ झाल्या, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १२५० सी.सी.चं, दोन एस.यू. कार्ब्युरेटरचं. आजच्या मानाने ताकद फार नाही. पण गाडी हलकी आणि ठेंगणी, जमिनीला चिकटून पळणारी. शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली छकडी आणि कापसाची बंडी यांत जो फरक, तोच हिच्यात आणि त्या काळच्या इतर मोटारींत. तुमच्या आबाजींना ती कशाला हवी होती हे मला विचारू नका, कापसाला भाव आला असेल.

अमेरिकेत इतक्या गेल्यामुळे तुमचा एक फायदा आहे. हिचे सुटे भाग इंग्लंड-अमेरिकेत आजही नवे बनतात. मडगार्ड मिळतं, रबर मिळतं, ब्रेकचे सिलिंडर मिळतात. पैसे आणि कस्टम ड्युटी लागते, पण मिळतं. न मिळणाऱ्या वस्तू दोनच: चॅसिसवरचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा नंबर आणि जुनं पुस्तक. नागपूरचा तो गृहस्थ नेमक्या त्याच मागतो आहे. त्या दिल्या की तुमच्या आबाजींच्या नावाने कुठे तरी दुसरीच गाडी उभी राहील, आणि तुमच्या कोठ्यात खरंच भंगार उरेल. उद्या पोलिसांची चौकशी आली तर ती तुमच्याच दारी येईल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

म्हणून पहिलं काम कागदाचं. एक तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल घ्या, चॅसिसच्या पुढच्या टोकाला डाव्या बाजूची पट्टी हलक्या हाताने साफ करा. टी.डी. अक्षरं आणि पुढे आकडा दिसेल. मोजणी ०२५१ पासून सुरू होते, कारण कारखान्याच्या टेलिफोनचा नंबर २५१ होता असं सांगतात. ग्राइंडर लावू नका, सँडपेपरही नको. नंबर घासून गेला तर तो आपल्या मनाने परत पंच करून चालत नाही, तो गुन्हा ठरतो. इंजिनाच्या अंगावर आठकोनी पट्टी असेल, तिच्यावरचा नंबर एक्स.पी.ए.जी. अशा अक्षरांनी सुरू होतो. दोन्हींचे फोटो काढा आणि पुस्तकाशी ताडून बघा.

पुस्तकावर मध्य प्रदेश लिहिलेलं असेल. दचकू नका. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आपण मध्य प्रदेशातच होतो आणि नागपूर राजधानी होती. मग मुंबई राज्य झालं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. इतक्या जुन्या नोंदीचा माग काढायला आर.टी.ओ.त दोन-चार चकरा होतील, त्या हिवाळ्यात होऊ द्या.

आता ज्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल. गाडी आबाजींच्या नावावर आहे. म्हणजे ती तुमची नाही, तुमच्या बाबांची एकट्याचीही नाही. काका असतील, आत्या असतील, त्यांचे वारस असतील, तो मारुतीवाला चुलतभाऊही त्यातच आला. आज कोठ्यात कुजते आहे तोवर ती कोणालाच नको. चकचकीत होऊन अंगणात उभी राहिली की सगळ्यांना आठवेल. धुऱ्याच्या वादात दोन पिढ्या गेलेल्या आपण बघितल्या आहेत, तिथे मोटारीचं काय घेऊन बसलात. आधी सगळ्यांना एकत्र बसवा, गाडी कोणाच्या नावावर करायची ते ठरवा, बाकीच्यांचं संमतीपत्र घ्या, मग मालक वारल्यावर नाव बदलण्याचा फॉर्म ३१ भरा. हे होईपर्यंत गाडीवर रुपया घालू नका. चुलतभावाला या बैठकीत मानाने बोलवा, त्याला टाळू नका.

त्याच्या मारुती इंजिनाचं उत्तरही तिथेच द्या. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांवरची दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली असेल तर ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षांची. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्याची सोय आहे, नव्याने नोंदलेलीला नंबरात ‘व्ही.ए.’ अक्षरं मिळतात. पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केला असेल तर ती गाडी या व्याख्येत बसत नाही. व्हॅनचं इंजिन टाकलं की संपलं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. वरातीचं भाडं विसरा. दुरुस्ती आणि फेरबदल यांतला फरक दाखवायला तुमच्याजवळ फोटो लागतील, म्हणून प्रत्येक भाग काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो काढायची सवय आत्तापासून लावा.

आता गंजाकडे येतो. पत्रातला सगळ्यात वाईट भाग मला म्हशींचा नाही वाटला, बॅगांचा वाटला.

पोटॅश म्हणून आपण जे आणतो ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ. हवेतलं पाणी ओढून घेतो आणि क्लोराइड लोखंडाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतं. तुम्ही वरून कितीही घासा, रंग द्या, ते आतच राहतं. पुढच्या पावसाळ्यात रंगाखाली फोड येतात आणि माणूस रंगवाल्याला शिव्या देतो. त्यामुळे तुमच्या गाडीला घासण्याच्या आधी आणि नंतरही धुणं लागेल. गरम पाणी, ब्रश, पुन्हा गरम पाणी, मग लगेच वाळवणं. धुऊन वाळवलेला भाग ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवा. सकाळी खळग्यांत नारिंगी ठिपके उगवले असतील तर मीठ अजून आत आहे, परत धुवा. कंटाळवाणं काम आहे. पाच-सहा वेळा करावं लागेल. वेल्डरच्या एका महिन्यात हे बसत नाही.

युरियाचं आणि गोमूत्राचं गणित वेगळं. शेण-मूत्राच्या संगतीत युरियाचा अमोनिया होतो, तो पितळेचा वैरी. ब्रिटिश फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली की त्यांचं पितळ आपोआप तडकायचं. कारण अमोनिया आहे हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. तुमचा कोठा म्हणजे तोच तबेला, तोही पन्नास वर्षांचा. म्हणून रेडिएटर, कार्ब्युरेटरचे जेट, पेट्रोलच्या नळीचे नट, पितळी जे जे असेल ते वरून चांगलं दिसलं तरी भरवसा ठेवू नका. रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर खडूवर बारीक ओली रेघ उमटते. पेट्रोलच्या वाटेवरचा तडकलेला नट ही आग आहे, तो सोल्डर करून वापरायचा नाही.

चॅसिस पेटीसारखी पोकळ आहे, मागच्या ॲक्सलवरून वळण घेऊन जाते. ती आतून कुजते. लहान हातोडीने बोटभर अंतरावर ठोकत जा. ठण्ण वाजलं तर लोखंड आहे. भद्द वाजलं तर तिथे खडूने फुली मारा आणि पेचकस रुतवून बघा. त्या फुल्यांचा नकाशा वहीत काढा. गाडी वाचवायची की नाही हा निर्णय या नकाशावर घ्यायचा, पत्र्यावर नाही. पत्रा चाळणी झाला तरी चालेल, नवा बसवता येतो. चॅसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या जर जागोजागी भद्द वाजल्या तर मला परत लिहा, तेव्हा उत्तर वेगळं असेल.

तुमच्या वेल्डरला मी कमी लेखत नाही. ट्रॉलीचा हूक आणि वखराची पास तो उत्तम जोडत असेल. पण आर्क वेल्डिंगने मडगार्डचा पातळ पत्रा जळतो. चॅसिसचं जाड काम त्याच्याकडून करून घ्या, पत्र्याला गॅस वेल्डिंग किंवा मिग लागेल, त्यासाठी वर्धा-नागपूरचा डेंटर बघा. पेट्रोलच्या टाकीला मात्र कोणीही, कोणत्याही मशीनने हात लावायचा नाही. पन्नास वर्षं रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. ती नवीनच करा.

बारक्या भागांचा गंज काढायला अ‍ॅसिड आणू नका. संडास धुवायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्यातही क्लोराइडच. स्प्रिंगा त्याने ठिसूळ होतात. लिंबूसत्त्व, लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर. किंवा साखर कारखान्यातली मळी आणा, एकास नऊ पाणी, दोन-तीन आठवडे. वास असा सुटतो की शेजारी बोलायचे थांबतात, पण लोखंड खात नाही, नुसता गंज खातो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावूनही होतं: चार लिटरला मोठा चमचाभर सोडा, गंजलेला भाग ऋण टोकाला, दुसऱ्या टोकाला साधं लोखंड. स्टेनलेसचा तुकडा अजिबात लावू नका, विषारी पाणी तयार होतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, जवळ बिडी नको. ॲल्युमिनियमचं काही त्यात बुडवू नका.

चॅसिसला हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एम.आय.डी.सी.त ब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेने बारीक कण मारून गंज उडवणं, करून घ्या. गावात कंप्रेसर आणून नदीची वाळू मारायचा बेत असेल तर सोडा, त्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात. मडगार्डवर ब्लास्टिंग नको, पत्रा पापडासारखा वाकडा होतो.

आता जी गोष्ट तुम्हाला बहुतेक ठाऊक नाही ती. या गाडीच्या बॉडीचा सांगाडा लाकडाचा आहे. इंग्लंडात ॲश नावाचं लाकूड वापरायचे, त्यावर पत्रा ठोकलेला. दारं लोंबत असतील, तर बिजागरीचा दोष नाही, खांब वाळवीने खाल्ला आहे. इथे तुम्ही आर्वीत असण्याचा फायदा लंडनवाल्याला नाही. तुमच्याकडे बंड्या घडवणारा म्हातारा सुतार अजून असेल. ॲशसारखं चिवट हवं असेल तर तिवस, ज्याची बंडीची चाकं व्हायची. वाळवीला दाद न देणारं हवं असेल तर चांगलं मुरलेलं सागवान. मी खांबांना आणि खालच्या पट्ट्यांना सागवान घेईन, वळणाच्या भागाला तिवस. ओलं लाकूड कोणी कितीही स्वस्त दिलं तरी नको. आणि कुजलेला प्रत्येक तुकडा, भुगा झालेला असला तरी, कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढल्याशिवाय चुलीत घालायचा नाही. मी हेरल्डच्या वेळी हे केलं असतं तर... जाऊ द्या, हेरल्डला लाकूड नव्हतं.

इंजिन हँडलने फिरवून बघायचा मोह होईल, सगळ्यांनाच होतो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल आणि थोडं डिझेल घाला, आठवडाभर विसरा. मग हाताने, रेटून नाही. पाने मात्र जपून. या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि नटांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची, असा विचित्र संसार आहे. हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कव्हेंट्रीतला हॉचकिस कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती, त्याचा हा वारसा. तुमच्या ट्रॅक्टरच्या रिंग पान्याने डोकी गोल होतील, आणि नट मिळेना म्हणून कोणी नवा आटा पाडला तर ब्लॉक गेला. व्हिटवर्थचे जुने पाने शोधा. बॅटरी जोडायची वेळ आली तर लक्षात ठेवा, हिचा धन तार बॉडीला असतो, आजच्या गाड्यांच्या उलट. पण ती वेळ दोन वर्षांनी येईल. ब्रेक पूर्ण नवे झाल्याशिवाय अंगणातही चालवायची नाही. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनी रबरं आणि बुचाची पॅकिंगं टिकत नाहीत, तीही बदलावी लागतील.

वेळापत्रक कपाशीशी जुळवा. आत्ता वेचणी आहे, कागद आणि बैठक. होळीपासून हवा कोरडी असते, तुम्हीही मोकळे असता, तेव्हा चॅसिस. उघडं लोखंड झाकायला इपॉक्सी प्रायमरच घ्या, साधा प्रायमर पाणी पितो. उन्हाळ्यात रंगकाम पहाटेच, दहा वाजले की थिनर हवेतच उडतो. आणि मृगाच्या आत शेवटचा हात लागलाच पाहिजे. पावसाळ्यात छपराखाली लाकूड आणि इंजिन. पत्रा आणि रंग पुढच्या उन्हाळ्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या. जो डेंटर कुजलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) थापून गुळगुळीत करून दाखवेल त्याला पैसे न देता परत पाठवा.

पैशाचं: शहरात कोणाला पूर्ण काम दिलंत तर आकडा दहा लाखांच्या पुढे सहज जाईल. तुम्ही तसं करू नका. या वर्षी फक्त कागद, धुणं आणि चॅसिस. पीककर्जातला शिल्लक पैसा हा शिल्लक नसतो, तो जूनमधल्या बियाण्याचा असतो. त्याला हात लावलात तर मी या सदरात तुमचं पुढचं पत्र घेणार नाही. आपल्या भागात कर्जाचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

भाचीच्या लग्नाला गाडी होणार नाही, हे बहिणीला आजच सांगून टाका.

आणि एका बाबतीत बाबांचं ऐका. कुटार काढण्याआधी दिवसाउजेडी, जाड बूट घालून, लांब काठीने मडगार्ड आणि फरशी चांगली बडवा, दारं दोरीने लांबून ओढून उघडा आणि अर्धा तास चहाला जा. आत कोणी राहत असेल तर सर्पमित्राला बोलवा. सीटखाली हात घालायची घाई नको.